एप्रिलचे व्यासपीठ : नांदेड-लातूरचा उन्हाळा आणि विद्यापीठाचे आवार

मराठवाड्याच्या सांस्कृतिक जीवनावर बोलताना एक तक्रार हमखास कानी येते. पुण्याला वसंत व्याख्यानमाला आहे, आपल्याकडे उन्हाळ्यात शुकशुकाट. तिकडे दीडशे वर्षांची परंपरा, इकडे एप्रिल उजाडला की सभागृहांना कुलूप. नांदेडला विद्यापीठ होऊन तीन दशके उलटली, लातूरला त्याचे उपकेंद्र झाले, तरी तक्रार तीच आहे. उलट आता तिला एक पुरवणी जोडली गेली आहे : एवढे मोठे आवार, एवढी सभागृहे, आणि ऐन सुट्टीत तिथे ना व्याख्यान, ना मैफल, ना नाटक.

या तक्रारीत अर्धे सत्य आहे. विद्यापीठाचे आवार उन्हाळ्यात ओस पडते, हे खरे. पण या भागात उन्हाळ्यात व्याख्यान होत नाही, गाणे होत नाही, नाटक होत नाही, हे साफ खोटे. उन्हाळा हाच इथला बोलण्या-ऐकण्याचा हंगाम आहे. ११ एप्रिलला महात्मा फुले जयंती, १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती, अक्षय तृतीयेला बसवेश्वर जयंती आणि वैशाखात बुद्धपौर्णिमा. या महिना-सव्वा महिन्यात नांदेड-लातूरच्या वस्त्यांत, तालुक्याच्या गावी, खेड्यातल्या विहारांपुढे रात्री-रात्री भाषणे चालतात. त्यांना कोणी 'व्याख्यानमाला' म्हणत नाही, म्हणून ती हिशेबात धरली जात नाहीत.

प्रस्तुत लेखात मला एवढेच मांडायचे आहे की, जयंती हीच मराठवाड्याची उन्हाळी व्याख्यानमाला आहे. तिला स्वतःचा इतिहास आहे, स्वतःची रचना आहे, तिचे स्वतःचे दोषही आहेत. आणि ज्या विद्यापीठाच्या जन्मामागे या व्यासपीठावरून लढला गेलेला एक मोठा वाद आहे, त्याच्याच आवारात ती तासा-दीड तासाचा सरकारी उपचार होऊन बसली आहे. नुकसान आहे ते या ठिकाणी.

सुट्टी कोणाची, सवड कोणाची

पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झाली. वक्तृत्वोत्तेजक सभा ती चालवते. एप्रिलच्या उत्तरार्धात आरंभ आणि मेच्या विसाव्या तारखेच्या सुमारास सांगता, हा तिचा रूढ काळ. हाच काळ का, याचे उत्तर त्या काळच्या श्रोत्यांमध्ये आहे. कोर्टांना सुट्टी, शाळा-कॉलेजांना सुट्टी. वकील, शिक्षक, कारकून, विद्यार्थी हा वर्ग मोकळा. संध्याकाळी ऊन कलले की पुण्यात वारा सुटतो. व्याख्यानमालेचे वेळापत्रक असे इंग्रजी राज्याच्या सुट्टीवर आणि त्या शहराच्या हवेवर बेतलेले होते. त्यात गैर काही नाही. प्रत्येक परंपरा आपल्या श्रोत्याची सवड पाहूनच उभी राहते.

मराठवाड्यातल्या श्रोत्याची सवड वेगळ्या कारणाने याच महिन्यांत येते. रब्बीची रास घरात आलेली असते आणि मृगाला अवकाश असतो. साखर कारखान्यांचे गाळप संपत आले की ऊसतोडीला गेलेली कुटुंबे गावी परततात. सहा-सहा महिने फडावर काढलेली माणसे घरी येतात. लग्ने, जत्रा, कंदुऱ्या याच दिवसांत. म्हणजे गाव भरलेले असते ते एप्रिल-मे महिन्यांत, आणि जयंती नेमकी या भरल्या गावात येते. दिवसा पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे, म्हणून कार्यक्रम रात्रीचा. जेवणे झाली की नऊ-साडेनऊला सुरुवात आणि शेवट गाणाऱ्याच्या गळ्यावर. ही सवड सरकारी सुट्टीने दिलेली नाही. ती शेतीच्या आणि मजुरीच्या चक्रातून आली आहे.

दोन्ही परंपरांची मुळे जवळजवळ एकाच वेळची आहेत. व्याख्यानमालेच्या दोन वर्षे आधी, १८७३ साली, त्याच पुण्यात जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली होती. पुढे सत्यशोधकांचे जलसे निघाले. तमाशाचा ढाचा घेऊन त्यात विचार भरण्याची ही युक्ती. तिच्यातून १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि इतरांचे आंबेडकरी जलसे आले. एका परंपरेत माणूस बोलतो आणि बाकीचे ऐकतात. दुसरीत बोलणे, गाणे आणि सोंग यांची फारकत झालेलीच नाही. मराठवाड्याकडे चालत आली ती ही दुसरी परंपरा. पहिलीच्या मापाने दुसरी मोजली की हाती शून्य येणारच.

बोलण्यावर पहारा

मराठवाड्यात व्याख्यान ही गोष्ट सहज मिळालेली नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. निजामाच्या राज्यात सभेला परवानगी लागे. 'गश्ती निशान ५३' या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या परिपत्रकाने सार्वजनिक सभांवर जाच बसवला होता. वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हे देशी भाषेतून शिकवणारे विद्यापीठ म्हणून थोर खरेच, पण नांदेड-लातूरच्या मराठी मुलाला ती भाषाही शिकूनच घ्यावी लागे. त्यामुळे ज्या काळात पुण्यात वक्तृत्व ही प्रतिष्ठेची कला झाली होती, त्या काळात इकडे विचार आडवाटेने फिरत होता : कीर्तनातून, गणेशोत्सवाच्या मेळ्यांतून, वाचनालयांतून.

या पहाऱ्याची सर्वांत बोलकी उदाहरणे आंबेडकरी चळवळीत सापडतात. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळ मक्रणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने परिषद झाली आणि बाबासाहेब तिला आले. जागेची निवड सहेतुक होती. निजामाच्या हद्दीत सभा घेता येईना, म्हणून हद्दीला लागून असलेल्या ब्रिटिश मुलखातली जागा धरली. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे परिषद झाली. तेही गाव तेव्हा ब्रिटिश अमलाखाली आणि कुर्डुवाडीहून बार्शीमार्गे लातूरला जाणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गावर. भाषण ऐकायला सरहद्द ओलांडावी लागणे, हा मराठवाड्यातल्या श्रोत्याचा अनुभव आहे. ज्याने असे ऐकले आहे, त्याच्या लेखी व्याख्यान ही फावल्या वेळची गोष्ट असू शकत नाही.

१७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि दोनच वर्षांत दोन महाविद्यालये उभी राहिली. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला बाबासाहेबांचे मिलिंद महाविद्यालय. दोन्ही १९५० सालची. या दोन आवारांनी मराठवाड्याला व्यासपीठ दिले, असे म्हणायला हरकत नाही. मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. १९५५ साली महाविद्यालयात त्याचा प्रयोग बाबासाहेबांनी पाहिला आणि पुढच्या वर्षी ते नागपूरला धर्मांतराच्या वेळी जमलेल्या अफाट समुदायापुढे झाले. कॉलेजच्या आवारातले नाटक थेट लोकसमुदायापुढे जाण्याचा असा दाखला आपल्याकडे दुसरा चटकन आठवत नाही. आवार आणि वस्ती यांच्यामध्ये त्या वेळी भिंत नव्हती.

जयंतीच्या रात्रीची रचना

टीकाकाराने जयंतीच्या रात्रीकडे एक रचना म्हणून पाहिलेलेच नाही. साहित्यसंमेलनाच्या परिसंवादावर पानेच्या पाने लिहिली जातात. जयंतीवर लिहिले जाते ते वाहतुकीच्या कोंडीपुरते.

रचना साधारण अशी असते. त्रिसरण-पंचशील, बुद्धवंदना. मग पाहुण्यांचे स्वागत आणि सत्कार. त्यानंतर प्रमुख वक्त्याचे भाषण. वक्ता बहुधा जवळच्या महाविद्यालयातला प्राध्यापक, एखादा वकील, बँकेतला अधिकारी किंवा निवृत्त शिक्षक. मानधन बेताचेच, कधी नुसते गाडीभाडे. खर्च वस्तीच्या वर्गणीतून. भाषण संपले की गायन पार्टी. पेटी, ढोलकी, कोरस. गाण्याचा बाज कव्वालीचा. दख्खनच्या या टापूत तो बाहेरून आणावा लागला नाही, दर्ग्यांच्या उरुसांतून तो रक्तातच होता. कुठे दोन पार्ट्यांचा सामना लावतात. गाण्यानंतर किंवा दुसऱ्या रात्री वस्तीतल्या पोरांनी बसवलेली एकांकिका.

या क्रमात एक शहाणपण आहे. लोक येतात गाण्यासाठी. भाषण आधी ठेवल्यामुळे ते भाषणही ऐकतात. शिवाय चांगला गायक नुसता ठरलेली गाणी म्हणून मोकळा होत नाही. नुकत्याच झालेल्या भाषणातला एखादा मुद्दा तो उचलतो, दोन कडव्यांच्या मध्ये तो बोलीत समजावून सांगतो आणि पुन्हा चालीवर येतो. राज्यघटनेचे एखादे कलम, शिक्षणाचा एखादा मुद्दा असा एका रात्रीत तीनदा ऐकला जातो : प्राध्यापकाच्या भाषेत, गायकाच्या भाषेत आणि नाटकातल्या पात्राच्या तोंडून. ज्याला पहिल्या वेळी कळले नाही, त्याला तिसऱ्या वेळी कळते. बाबासाहेबांनी जलशाला आपल्या भाषणांहून अधिक वजन दिले, अशी आठवण सर्वत्र सांगितली जाते. तिच्यातले शब्द कोणतेही असोत, व्यवहारातले सत्य हे आहे. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) आयुष्यभर खेडोपाडी हिंडत गात राहिले ते याच रचनेच्या आधारावर. त्यांची गाणी ज्यांना मुखोद्गत आहेत, त्यातल्या अनेकांनी ती पुस्तकात कधीच वाचलेली नाहीत.

नाटकाच्या बाबतीतही हे खरे आहे. नांदेडचे दत्ता भगत हे पेशाने मराठीचे प्राध्यापक. त्यांची 'आवर्त'सारखी एकांकिका आणि नंतरचे 'वाटा-पळवाटा' हे नाटक या पार्श्वभूमीवर वाचले तर त्यांची ताकद कशात आहे हे अधिक उलगडते. 'वाटा-पळवाटा'मध्ये काका, सतीश आणि अर्जुन या तीन पिढ्यांचे तीन मार्ग एकमेकांना भिडतात. मधला सतीश प्राध्यापक आहे. त्याला दोन्ही बाजूंची भाषा कळते आणि म्हणूनच त्याची सर्वांत जास्त ओढाताण होते. हे नाटक चर्चानाट्य आहे, त्यात कृती कमी आणि बोलणे फार, असा आक्षेप घेता येईल. पण ज्या प्रेक्षकाने जयंतीच्या मांडवात वाद ऐकत रात्री काढल्या आहेत, त्याला बोलणे हीच कृती वाटते. मराठवाड्यातल्या नाटकाचे हे वैशिष्ट्य व्याख्यानाच्या शेजारामुळे आले आहे, असे माझे मत आहे.

दोष सांगायलाच हवेत. सत्कार लांबतात. पुढारी उशिरा येतो आणि वक्त्याचा तास खातो. तेच चरित्र तेवढ्याच प्रसंगांसह दरवर्षी सांगितले जाते. श्रोत्याला ते वक्त्याहून चांगले ठाऊक असते. बायका मांडवात पुढे बसतात, व्यासपीठावर क्वचित. प्रश्न विचारण्याची पद्धत जवळपास नाही. ज्याने आयुष्यभर प्रश्न विचारले, त्याच्या जयंतीला प्रश्नोत्तरे नसावीत ही विसंगती आहे. आणि अलीकडे वर्गणीचा मोठा वाटा डीजेकडे वळतो. आवाजाच्या भिंती उभ्या राहिल्या की त्यांच्यासमोर भाषण उभे राहू शकत नाही. गायन पार्टीला पूर्वी मिळणारी रात्र आता मिरवणुकीने घेतली आहे.

हे दोष परंपरेच्या आतले आहेत आणि ते आतूनच दुरुस्त होतील. पण त्यासाठी जिची मदत व्हायला हवी होती, ती संस्था काय करते?

विद्यापीठ : जन्म आणि दिनदर्शिका

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांचा खून झाला. पुढची साडेपंधरा वर्षे हा प्रश्न धगधगत राहिला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला. त्याच तोडग्याचा भाग म्हणून नांदेडला वेगळे विद्यापीठ देण्यात आले आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, ते सुरू झाले. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ हे त्याचे नाव. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे त्याचे आजचे कार्यक्षेत्र. एका विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न गावागावांच्या व्यासपीठांवर सोळा वर्षे मांडला गेला आणि त्याची किंमत माणसांनी जिवाने मोजली. नांदेडच्या विद्यापीठाची कुंडली मांडायची तर ती इथून मांडावी लागते.

पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे त्या अर्थाने अगदी समर्पक होते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याची मराठीला साक्षेपी ओळख करून देणारा हा अभ्यासक. त्यांच्यासारख्यांच्या लेखनामुळे आणि भाषणांमुळे दलित साहित्याची चर्चा जगाच्या नकाशावर ठेवून करता येते, हे इथल्या विद्यार्थ्याला कळले.

आज विद्यापीठाचे सांस्कृतिक वर्ष कसे जाते ते पाहा. युवक महोत्सव पावसाळा सरता सरता होतो, कारण पुढे आंतरविद्यापीठ फेऱ्या असतात. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी हिवाळ्यात. शंकरराव चव्हाण यांच्या स्मृत्यर्थ होणारा 'संगीत शंकर दरबार' फेब्रुवारीत, यशवंत महाविद्यालयाच्या परिसरात. नांदेडला शास्त्रीय संगीताची ती मोठी पर्वणी. मार्चपासून परीक्षा. मग उत्तरपत्रिका, निकाल, सुट्टी. वसतिगृहे रिकामी होतात, मेस बंद होते. विष्णुपुरीचे आवार शहरापासून दूर, त्यामुळे संध्याकाळी सहज फिरत येणारा नागरिकही नाही. ललित व प्रयोगजीवी कला संकुल विद्यापीठातच आहे. संगीत आणि नाटक शिकवणारे व शिकणारे आवारात आहेत. पण ज्या महिन्यांत चारही जिल्ह्यांत गाण्या-नाटकाला मागणी असते, त्याच महिन्यांत त्यांची सुट्टी असते.

आणि जयंती? ती विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत साजरी होते, पण सकाळी. परिपत्रक निघते, प्रतिमापूजन होते, वक्त्याला अर्धा-पाऊण तास दिला जातो, आभार मानले जातात. एप्रिलमध्ये विद्यार्थी परीक्षेच्या कात्रीत, म्हणून समोर प्राध्यापक आणि कर्मचारी. फोटो आणि उपस्थितीपत्रक नॅकच्या फाइलीत जाते. गाणे नाही, नाटक नाही, वाद नाही. वस्तीतल्या जयंतीला जे तीन पदर असतात, त्यांपैकी दोन आवारात शिरतानाच गळून पडतात आणि तिसरा आक्रसतो. गंमत अशी की सकाळी आवारात पाऊण तास बोललेला प्राध्यापक रात्री एखाद्या खेड्यात दीड तास बोलतो, आणि चांगला बोलतो. कारण तिथे त्याला ऐकायला माणसे आलेली असतात.

एकच दाखला उलट दिशेचा आहे आणि तो लातूर जिल्ह्यातला. २२ ते २४ एप्रिल २०२२ या काळात पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला, महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालयाच्या परिसरात झाले. अध्यक्ष भारत सासणे. त्याच दिवसांत, त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरले. म्हणजे ऐन एप्रिलात, कॉलेजच्या मैदानावर भाषणे, कविता, गाणी असे सर्व काही झाले आणि शेजारी त्याला प्रतिपक्षही उभा होता. उन्हाळ्यात आवार भरू शकत नाही हा समज उदगीरने खोडला. पण उणीवही तिथेच दिसते. संमेलन राज्याचे होते, तीन दिवसांचे होते, त्याला शासनाचे बळ होते. मांडव निघाला की पुढच्या एप्रिलसाठी त्यातून गावाच्या हाती काय राहते? परंपरा तीन दिवसांत लागत नाही. ती दरवर्षी त्याच जागी, तेवढ्याच साधेपणाने केल्याने लागते. पुण्याच्या व्याख्यानमालेकडून उचलायची असेल तर ही एक गोष्ट उचलावी. तिचा काळ नको, तिचे सातत्य घ्यावे.

लातूरचा उन्हाळा

लातूरची गोष्ट थोडी वेगळी आहे. इथे उन्हाळ्यात विद्यार्थी कमी होत नाहीत. राजर्षी शाहू महाविद्यालयातून सुरू झालेला 'लातूर पॅटर्न' पुढे शिकवणीवर्गांच्या शहरात बदलला. आज एप्रिल-मे महिन्यांत लातूरच्या खोल्यांतून आणि वसतिगृहांतून सतरा-अठरा वर्षांची मुले-मुली दाटीने राहत असतात. एक तुकडी 'नीट'च्या तोंडावर, दुसरी नुकतीच दहावी देऊन आलेली. मराठवाड्यातला सर्वांत मोठा तरुण श्रोतृवर्ग उन्हाळ्यात एकाच शहरात एकवटलेला असतो, आणि त्याच्यासाठी कोणी एक व्याख्यान ठेवत नाही. त्याला वेळ नाही, असे सांगितले जाते. आठवड्यातून एक संध्याकाळ त्याला नसते, हे मला पटत नाही. त्याच्याशी अभ्यासक्रमाबाहेरचे काही बोलावे असे मोठ्या माणसांना वाटत नाही, हे खरे कारण असावे. ज्या जनार्दन वाघमारे यांचे नाव राजर्षी शाहू महाविद्यालयाशी आणि या पॅटर्नच्या जडणघडणीशी जोडले जाते, त्यांनीच साहित्यावर आणि समाजावर आयुष्यभर व्याख्याने दिली. त्यांच्या वारशातला एक भाग लातूरने बाजारपेठेएवढा वाढवला, दुसरा कोपऱ्यात ठेवला.

लातूरच्या उन्हाळ्याला आणखी एक नाव आहे : पाणी. मार्च २०१६ मध्ये शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली. त्यानंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांची सव्वाशेवी जयंती होती. कुर्डुवाडी-लातूर या ज्या मार्गावरच्या कसबे तडवळ्याला १९४१ साली लोक बाबासाहेबांना ऐकायला गोळा झाले होते, त्याच बाजूने हे पाणी आले. महाडच्या तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी पाण्याचा हक्क मागणारा माणूस १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होता आणि दामोदर, महानदी अशा खोऱ्यांच्या नियोजनात त्याचा वाटा होता. पाणी कोणाचे आणि नदीचे खोरे एकक मानून त्याचे वाटप कसे करावे, या दोन्ही प्रश्नांवर बाबासाहेब एकाच आयुष्यात बोलून गेले. मराठवाड्यातल्या उन्हाळी व्याख्यानाला याहून जवळचा विषय कोणता? जयंतीच्या भाषणांत महाड दरवर्षी येते. दामोदर खोरे क्वचित येते, आणि गोदावरी-मांजरा तर जवळपास नाहीच. हा विषय विहारापुढच्या व्यासपीठाला विद्यापीठाने पुरवायला हवा होता. भूगोल, अर्थशास्त्र, सामाजिक शास्त्रे शिकवणारी माणसे तिथेच तर आहेत.

ऐकलेले टिकावे म्हणून

नांदेडला या सर्वाचा एक आदर्श होऊन गेला आहे. नरहर कुरुंदकर. शाळामास्तर म्हणून सुरुवात करून पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झालेला हा माणूस गावोगाव बोलत हिंडला. गणेशोत्सव, महाविद्यालय, अभ्यासवर्ग, कुठलेच व्यासपीठ त्यांना हलके वाटले नाही. भरताच्या नाट्यशास्त्रापासून इतिहास, संगीत, समाजकारणापर्यंत त्यांची झेप. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांना मृत्यू आला, तेव्हा ते पन्नाशीतही पोचले नव्हते. त्यांचे बरेचसे विचार आधी बोलण्यात घडले आणि मग कागदावर आले. काही तर इतरांनी टिपून ठेवले म्हणून आपल्याला मिळाले. टिपणारा श्रोता नसता तर कुरुंदकर आज निम्मेच उरले असते.

जयंतीच्या व्यासपीठाला असा टिपणारा श्रोता मिळालेला नाही. गायकाने दोन कडव्यांमध्ये सांगितलेली गोष्ट, एकांकिकेची वहीतली संहिता, खेड्यातल्या एखाद्या निवृत्त मास्तराने वीस वर्षे दिलेली भाषणे, यातले काही जमा होत नाही. मोबाइलवर चित्रण होते, पुढच्या महिन्यात जागा करण्यासाठी ते पुसले जाते. निमंत्रणपत्रिका रद्दीत जातात. मी अशा पत्रिका जमवतो. त्यांवर वक्त्याचे नाव ठळक असते, गायन पार्टीचे त्याहून ठळक, पण एकांकिका लिहिणाऱ्याचे नाव बहुधा नसतेच. उद्या कोणी मराठवाड्याच्या नाटकाचा इतिहास लिहायला बसले तर या निनावी लेखकांना कुठे शोधणार?

पुणे विद्यापीठाचे बहिःशाल शिक्षण मंडळ जयकर व्याख्यानमालेतून वक्ते बाहेर पाठवते. ती व्यवस्था चांगली, पण तिचा ओघ एकाच दिशेचा : विद्यापीठाकडून लोकांकडे. नांदेडला उलट दिशेचा ओघ आधीच वाहतो आहे. विद्यापीठाने फक्त दार उघडायचे आहे. ११ एप्रिल ते बुद्धपौर्णिमा या काळात आठवड्यातून दोन रात्री विष्णुपुरीला आणि एक रात्र लातूरच्या उपकेंद्रात मैदान मोकळे ठेवावे. चार जिल्ह्यांतल्या वस्त्यांमधून निवडलेली एक गायन पार्टी, एक एकांकिका आणि एक वक्ता. भाषणानंतर अर्धा तास प्रश्नोत्तरे, सत्कार अजिबात नाहीत. शहरातून रात्री जाण्या-येण्याला बस. वसतिगृहाचा एक मजला आणि मेस सुरू, म्हणजे ज्याला घरी परतणे परवडत नाही किंवा ज्याच्या घरी अभ्यासाला जागा नाही, त्या विद्यार्थ्याला सुट्टीतही आवार आपले वाटेल. कला संकुलातल्या विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रण करावे, मराठी विभागातल्यांनी संहिता उतरवून घ्याव्यात, आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी एक शंभर-सव्वाशे पानांचे पुस्तक निघावे. यासाठी नवी इमारत लागत नाही. फक्त सुट्टीची व्याख्या बदलावी लागते.

याला एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. जयंती ही लोकांची आहे. ती विद्यापीठाने हाती घेतली तर तिचीही समिती होईल, तिलाही परिपत्रक चिकटेल, वस्तीचा अभिमान आणि वर्गणी दोन्ही आटतील. ही भीती अनाठायी नाही. सकाळच्या जयंतीचे काय झाले ते आपण पाहतोच. म्हणून मर्यादा स्पष्ट हवी : विद्यापीठाने जयंती भरवू नये. वस्तीची रात्र वस्तीतच राहावी. विद्यापीठाने त्या रात्रीचे ऐकावे, तिला पुरवठा करावा आणि तिची नोंद ठेवावी. यजमानपणापेक्षा श्रोतेपण अवघड असते. शिकवण्याची सवय झालेल्या संस्थेला तर ते फारच अवघड.

मराठवाड्यात उन्हाळ्याची व्याख्यानमाला नाही, हे वाक्य आता तरी आपण सोडून द्यावे. ती आहे, तिला श्रोते आहेत, गाणे आहे, नाटक आहे. ज्यांना एके काळी भाषण ऐकायला सरहद्द ओलांडावी लागली, त्यांच्या नातवंडांनी ती चालू ठेवली आहे. विष्णुपुरीच्या फाटकाची सरहद्द तेवढी ओलांडायची राहिली आहे. या खेपेला ती श्रोत्यांनी ओलांडायची नाही, विद्यापीठाने ओलांडायची आहे.